फोर्टीच्या विमानाला सिक्स्टीवन?

*काका, वय २६, शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम करतो. गेले सहा महिने रात्री बसून बाल्साच्या हलक्या लाकडाचं, रिमोटवर उडणारं हाय-विंग ट्रेनर (पंख वर असलेलं, शिकण्यासाठीचं मॉडेल विमान) बांधलंय. पंख ६२ इंच लांब, ११ इंच रुंद. प्लॅनवर .४० ते .४६ टू-स्ट्रोक इंजिन लिहिलंय. मित्राकडं वापरलेलं .६१ आहे, निम्म्या किमतीत देतो म्हणतोय. त्याचं म्हणणं, मोठं इंजिन घाल आणि थ्रॉटल अर्धाच ठेव, पॉवर कधी वाया जात नाही. दुसरा एक जण म्हणतो, इंजिनाच्या भानगडीत पडूच नको, बॅटरीवर उडव. सिम्युलेटरवर हात बसलाय, पण खरं विमान दोनदाच उडवलंय, तेही दुसऱ्याचं. काय घेऊ?*
*– एक वाचक, कोल्हापूर*

काका म्हणालास, म्हणून अरे-तुरेच करतो. आधी उत्तर, मग कारणं. ते .६१ घेऊ नकोस. .४६ चं टू-स्ट्रोक घे आणि त्याला ११ बाय ५ चा पंखा, म्हणजे नाकावरचा प्रोपेलर, लाव. घाईत असशील तर इथंच थांबलास तरी चालेल. पण तू लेथवरचा माणूस, ड्रॉइंगवर ते माप का दिलंय हे कळल्याशिवाय जॉब चकात धरणार नाहीस, म्हणून पुढचं लिहितो.

निम्मा घोळ आकड्यांचाच असतो. .४० म्हणजे ०.४० घन इंच. एक घन इंच म्हणजे साधारण १६.४ सीसी. तेव्हा .४० चं इंजिन झालं ६.५ सीसीचं, .४६ झालं ७.५ सीसीचं आणि .६१ झालं १० सीसीचं. मोटरसायकलच्या हिशेबानं ही खेळणीच वाटतात. पण उसाला पाणी पाजायला नदीकाठी जी पाच हॉर्सपॉवरची ऑईल इंजिनं धडधडायची ती आठव. हलवायला चार माणसं लागायची आणि फेरे मिनिटाला पंधराशे. तुझं .४६ सायलेन्सरसकट अर्ध्या किलोच्या आसपास भरेल, आणि कागदावर १६,००० फेऱ्यांना दीड हॉर्सपॉवरच्या वर देईल. या खेळात ताकद स्वस्त आहे रे. महाग आहे तो हलकेपणा. सहा महिने ब्लेडनं बाल्सा कोरताना एकेक ग्रॅम तू कशासाठी वाचवलास?

आता तुझं विमान पाटीवर मांडू. ६२ गुणिले ११ म्हणजे ६८२ चौरस इंच, म्हणजेच ४४ चौरस डेसिमीटर पंख. .४६, सर्व्हो (पाती हलवणाऱ्या छोट्या मोटरी), रिसीव्हर, बॅटरी, चाकं असं सगळं धरून असं विमान अडीच किलोच्या घरात बसतं. प्रत्येक चौरस डेसिमीटरवर ५७ ग्रॅम. शिकणाऱ्याला पन्नास ते साठ ग्रॅम मानवतात. सत्तरच्या पुढं गेलं की विमान सावकाश उडायला राजी होत नाही.

त्यात .६१ घालून बघू. इंजिन दीडशे-दोनशे ग्रॅमनं जड, आणि हे सगळं वजन नाकाच्या टोकाला. तुझ्या विमानाचा तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून पावणेतीन ते सव्वातीन इंचांवर यायला हवा. इंजिन त्या बिंदूच्या नऊ-दहा इंच पुढं आणि शेपूट अडीच फूट मागं. तराजू डोळ्यांसमोर आण. पुढच्या जादा वजनाला तोलायला शेपटीत पन्नास-साठ ग्रॅम शिसं कोंबावं लागेल. मोठं इंजिन जास्त पितं, म्हणून टाकी मोठी. फायरवॉलला, म्हणजे इंजिन बसतं त्या नाकातल्या फळीला, जाड प्लाय, पंखाही मोठा. बेरीज कर, विमान २.८ किलोवर जातं.

तीनशे ग्रॅमनं काय होतंय, असं तुझा मित्र म्हणेल. वजन १२ टक्क्यांनी वाढलं की विमान ज्या वेगाला हवेतून गळून पडतं, तो स्टॉलचा वेग साधारण ६ टक्क्यांनी वाढतो. ताशी ३३-३४ किलोमीटर होता तो ३५-३६ झाला. हे किरकोळ वाटतं खरं. पण जमिनीला टेकताना जिरवायची ऊर्जा वजन आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकारात वाढते, म्हणजे २५ टक्के जास्त. ती कोण सोसणार? लँडिंग गिअरखाली तू चिकटवलेला तीन मिलिमीटरचा प्लाय. नवख्याचं विमान बहुतेक वेळा उतरतानाच मोडतं, आणि पहिल्या पन्नास लँडिंगांपैकी पाच जरी गुळगुळीत झाली तरी मी तुला शाबासकी देईन.

राहिला थ्रॉटल अर्धा ठेवण्याचा मुद्दा. थ्रॉटल अर्धा केला म्हणून इंजिनाचं वजन अर्धं होत नाही, एवढं तरी मान्य कर. त्याहून मोठी अडचण खाली उतरताना येते. मोठं इंजिन मोठा पंखा फिरवतं आणि तो पंखा आयडलवर, थ्रॉटल पूर्ण खाली असतानाही, विमानाला चांगलंच ओढत राहतो. हलकं, फुगीर पंखाचं ट्रेनर मग उतरायचं नावच घेत नाही, माळावरून तरंगत पुढं जातं.

हे पुस्तकातलं सांगत नाही. माझ्या दुसऱ्या विमानात मी हेच केलं होतं. माळाच्या तिन्ही बाजूंना उभा ऊस. आयडलवर ठेवून उतरवायला घेतलं, तर ते कमरेएवढ्या उंचीवरून सबंध पट्टी ओलांडून गेलं. घाबरून मी थ्रॉटल वाढवला, आणि पुढं ऊस. बारा फूट उंचीच्या उसात विमान शोधणं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. पाचटानं हात सोलून निघाले, दोन संध्याकाळी फिरलो, मिळालं नाही. कारखान्याची तोड आली तेव्हा, अडीच महिन्यांनी, टोळीतल्या एकानं आणून दिलं. उंदरांनी पंख कुरतडलेला, इंजिनात माती. चहा पाजून त्याला निरोप दिला आणि त्या दिवसापासून इंजिनाचा आकडा प्लॅनवरचाच घ्यायला लागलो.

मोठ्या इंजिनानं वेग तरी वाढेल ना, असंही तुझ्या मनात असेल. सरळ उडणाऱ्या विमानाला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या हिशेबानं वाढते. उलट बाजूनं वाचलंस तर, ताकद दीडपट केलीस की वेग वाढतो जेमतेम १४ टक्के. चढण मात्र खरंच जोरकस होते, ते नाकारत नाही. पण ट्रेनरला उभं चढायचंच कुठं असतं? वजनाच्या निम्मी ओढ असली तरी ते मजेत फिरतं.

मग प्लॅनवर .४० सुद्धा लिहिलंय, तर .४६ का सुचवतोय? कारण कोल्हापूर. आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहोत. एवढ्या उंचीनं हवा साधारण ५ टक्क्यांनी विरळ होते. त्यात एप्रिलची दुपार धर, ३८ अंश. प्रमाण हवा म्हणून जी धरतात, समुद्रकाठची १५ अंशांची, तिच्यापेक्षा ती १३ टक्के पातळ भरते. इंजिनाला हवा कमी, पंख्याला चावायला हवा कमी आणि विमानाच्या पंखालाही कमी. शिवाय आपल्याकडं डांबरी धावपट्टी नसते. ऊस नसेल तिथं गवत, आणि गवतात चाकं अडतात. ही तूट भरून काढायला .४६ पुरतं. .४० आणि .४६ दोन्हींचा सांगाडा बहुतेक एकाच मापाचा असतो, वजनातला फरकही नगण्य, म्हणून हे वाढीव काम फुकटात होतं. .२५ सारखं लहान इंजिन तर मुळीच नको. ताकद कमी पडली की माणूस एलिव्हेटर (शेपटीची वर-खाली होणारी पाती) ओढून विमान वर न्यायला बघतो, आणि ते वर जाण्याऐवजी एका पंखावर कलंडतं.

एक शंका मात्र मला सतावतेय. तुझ्या मित्राच्या डोक्यात हे ‘साठ’ आलं कुठून? फोर-स्ट्रोक इंजिनात स्फोट दर दुसऱ्या फेऱ्याला होतो, त्यामुळं .६० ते .७० चं फोर-स्ट्रोक आणि .४६ चं टू-स्ट्रोक साधारण सारखंच काम करतात. कुणा जाणत्यानं त्याला ‘फोर-स्ट्रोक असेल तर साठ घाल’ असं सांगितलं असेल आणि यानं पहिला अर्धा भाग गाळला असेल. आपल्याकडं असले सल्ले तालमीतून तालमीत जाताना निम्मे होतातच. तेव्हा इंजिन एकदा बघून ये. डोक्यावर व्हॉल्व्हचं झाकण आणि बाजूनं वर जाणाऱ्या पुशरॉडच्या नळ्या दिसल्या तर ते फोर-स्ट्रोक, आणि मग माझं वरचं सगळं उत्तर फिरवावं लागेल. .६१ हा आकडा बहुधा टू-स्ट्रोकचाच असतो, पण डोळ्यांनी खात्री कर.

पंख्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळे इंजिनावर वाद घालतात आणि पंखा दुकानात जो मिळेल तो लावतात. ११ बाय ५ मधला पहिला आकडा व्यासाचा, दुसरा पिचचा, दोन्ही इंचांत. पिच म्हणजे तुझ्या भाषेत आट्यांची चाल. लोण्यात बोल्ट फिरवला तर एका फेऱ्यात तो किती पुढं जाईल, ते. १२,५०० फेऱ्यांना पाच इंच पिच म्हणजे मिनिटाला ६२,५०० इंच, ताशी ९५ किलोमीटर. सहा इंच पिच लावलास आणि इंजिन १२,००० फिरलं तर ११०. आता स्टॉलचा वेग ३३-३४ आठव. पंख्याचा हा कागदी वेग स्टॉलच्या अडीच ते तीन पट असला की ट्रेनर खूश असतं, आणि ९५ त्यात बरोबर बसतो. पिच कमी म्हणजे ओढ जास्त आणि उतरताना ब्रेकही चांगला. महिन्याभरात हात बसला, विमान मठ्ठ वाटायला लागलं, की ११ बाय ६ लाव. बाराशे-पंधराशे रुपयांच्या आत स्वभाव बदलता येत असेल तर दहा सीसीच्या मागं का लागायचं?

मोजायचंच असेल तर शेपटीला दोरी बांधून सामान तोलायचा हूकचा काटा लाव आणि पूर्ण थ्रॉटल दे. काटा विमानाच्या वजनाच्या दोन-तृतीयांशापेक्षा जास्त दाखवत असेल तर निर्धास्त हो. मागं उभा राहून बघ, पंख्याच्या रेषेत कुणालाही उभं करू नकोस. आणि सुरू करताना बोट नको, लाकडी दांडकं वापर. माझ्या उजव्या तर्जनीवरचा व्रण बघायला कधीही ये.

आता खास तुझ्यासाठी, लेथवाल्यासाठी एक ताकीद. नवं .४६ हातात घेशील आणि पंखा हातानं फिरवशील, तर पिस्टन वरच्या टोकाला गच्च अडकल्यासारखा वाटेल. किंचित किरकिरही करेल. तुझा हात आपोआप होनिंगच्या दगडाकडं जाईल. जाऊ देऊ नकोस. या इंजिनांत बहुधा रिंग नसते. ॲल्युमिनियमचा पिस्टन आणि पितळेचा, आतून क्रोम किंवा निकेल चढवलेला स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरची आतली नळी. स्लीव्ह वरच्या बाजूला मुद्दाम निमुळता ठेवलेला असतो. तापला की तो पिस्टनपेक्षा जास्त फुगतो आणि मग फिट बरोबर बसतं. थंड असताना सैल वाटणारं इंजिन हे झिजलेलं इंजिन. मी माझं पहिलं इंजिन एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये नेलं आणि ‘जरा मोकळं करून द्या’ म्हणालो. त्यांनी दोन मिनिटांत करून दिलं, मी म्हणालो तसंच, पैसेसुद्धा घेतले नाहीत. ते इंजिन पुन्हा कधी आयडलवर उभं राहिलं नाही. कॉम्प्रेशनच गेलं होतं. काही मायक्रॉनची गोष्ट, पण ती कंपनीनं विचार करून ठेवलेली.

जुनं इंजिन घेतानाही हीच खूण धर. वरच्या टोकाला घट्ट लागतंय का बघ, आणि बेअरिंग फिरवताना खरखर येते का ऐक. मिथेनॉल पाणी ओढतं. उडवून झाल्यावर टाकीत राहिलेलं इंधन जाळून न टाकता इंजिन ठेवून दिलं, की आपल्या पावसाळ्यात बेअरिंगला गंज चढलाच. जपानच्या ओएस कंपनीची .४६ इंजिनं आपल्याकडं बरीच फिरतात. १९३६ पासूनची कंपनी आहे. जुनं पण चांगल्या बेअरिंगचं मिळालं तर खुशाल घे, फक्त सुटा भाग कुठून मिळेल ते आधी विचार.

इंधनात मिथेनॉल, १८-२० टक्के तेल आणि ५ ते १० टक्के नायट्रोमिथेन. नायट्रो त्याहून जास्त भरण्यात तुझा खिसा सोडून कुणाचा फायदा नाही. तेलात थोडं एरंडेल असू दे. तयार डबाच घे. मिथेनॉल जहाल विष आहे, त्याच्या खरेदी-साठवणीवर कायद्याचे निर्बंध आहेत, आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही. घरात मिसळायचे प्रयोग करू नकोस. पहिल्या तीन-चार टाक्या सुई (इंधन कमी-जास्त करायचा स्क्रू) सैल सोडून, इंधन थोडं जास्त जाऊ देऊन चालव. नंतर उडवण्यापूर्वी पूर्ण थ्रॉटलला विमानाचं नाक आकाशाकडं धर. आवाज किंचित वाढला तर सुई बरोबर आहे. खोल जायला लागला तर इंजिन उपाशी आहे, दोन खाचा सोड.

बॅटरीवाल्या मित्राचं म्हणणं चुकीचं नाही. कोरी पाटी घेऊन कुणी आलं तर मीही त्याला फोमचं इलेक्ट्रिकच सुचवतो. तुझ्या विमानाला किलोमागं दीडशे ते दोनशे वॅट पुरतील, म्हणजे फार तर ५०० वॅट. आरामात हवं तर ६०० ते ७०० वॅटची मोटर, चार सेलची ४,००० एमएएचची बॅटरी, आठ-दहा मिनिटं उड्डाण. तेल नाही, वास नाही, शेजारी भांडत नाहीत. पण तू पत्रात विमानाबद्दल चार ओळी आणि इंजिनाबद्दल आठ ओळी लिहिल्यास, त्यावरून तुझा नाद मला कळला. इंजिनच घे.

उडवण्याची जागा मात्र आधी ठरव. उजळाईवाडीचं विमानतळ गावाला खेटून आहे आणि २०२१ चे ड्रोन नियम मॉडेल विमानांनाही लागू होतात. विमानतळाच्या कुंपणापासून आठ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय काहीच उडवायचं नाही, आठ ते बाराच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच, त्यापलीकडं ४०० फूट. शहराचा बराचसा भाग या वर्तुळांत येतो. सरकारी ड्रोन नकाशावर तुझा माळ कुठल्या रंगात आहे ते बघ, मगच शेतमालकाशी बोल. आणि त्याला तोड कधी आहे तेही विचार.

इंजिन येईपर्यंत एक काम कर. इंजिन सोडून बाकी सगळं लाव आणि विमान ओळखीच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेव. दोन किलोच्या आत भरलं तर उत्तम. सव्वादोन भरलं तर मला कळव, कुठं गोंद सांडलायस ते शोधू. पंखाच्या मधल्या जोडावर असणार, माझा अंदाज.

आणि मित्राला म्हणावं ते .६१ दुसऱ्या कुणाला विकू नको. बेअरिंग ठीक असेल तर पुढच्या वर्षी ७० इंची लो-विंग बांधशील, तेव्हा निम्म्या किमतीतच मागून घे.